स्तनाच्या रेडिएशनचे दोन प्लॅन शेजारी ठेवताना या चुका टाळा

डाव्या स्तनातली लहान गाठ, लम्पेक्टमी (फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया) झालेली, काखेतल्या गाठी निगेटिव्ह (कर्करोग नसलेल्या). एकाच सीटीवर टॅन्जेन्टचा फील्ड-इन-फील्ड (छातीला स्पर्शून जाणारे समोरासमोरचे बीम, आत छोटी फील्ड घालून डोस सारखा केलेला) आणि व्हीमॅट (मशीन फिरत असताना बीमचा आकार बदलत दिलेलं रेडिएशन) असे दोन प्लॅन करायचे आणि सरस कुठला ते सांगायचं. प्रबंधाचा हा आवडता विषय. पण निकाल बऱ्याचदा बीम लावण्याआधीच लागलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी गफलत श्वासाची. व्हीमॅट दीर्घ श्वास रोखलेल्या सीटीवर आणि टॅन्जेन्ट साध्या श्वासाच्या सीटीवर केला, तर हृदयाचा डोस उतरला तो फुफ्फुस फुगून हृदय छातीच्या भिंतीपासून लांब गेल्यामुळे. श्रेय मात्र व्हीमॅटला मिळतं. दोन्ही तंत्रं दोन्ही सीटींवर करा, म्हणजे चार प्लॅन होतील. काम वाढतं, पण त्याला इलाज नाही.

नॉर्मलायझेशनही (प्लॅनचा डोस कशाच्या आधारे ठरवायचा ते) तसंच. एका प्लॅनमध्ये पीटीव्हीच्या (डोस द्यायच्या, भोवती थोडी जागा धरलेल्या भागाच्या) ९५ टक्के भागाला ९५ टक्के डोस आणि दुसऱ्यात मध्यबिंदूला १०० टक्के, असं असेल तर फुफ्फुसाचे आकडे शेजारी मांडूच नका. आणि व्हीमॅटचं ऑप्टिमायझेशन (संगणकाकडून प्लॅन सुधारून घेणं) पुन्हा पुन्हा चालवणाऱ्यांनी टॅन्जेन्टचा गॅन्ट्री कोनही (बीम ज्या दिशेने येतो तो कोन) दोन-तीन अंश फिरवून पाहावा. हृदयावर एमएलसीची (बीमला आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) आड घेतली, तर गाठीची जागा झाकली जात नाही ना, तेही बघावं.

व्हीमॅटमध्ये त्वचेलगत हॉट स्पॉट (जास्त डोसाची जागा) येतोय? पीटीव्ही त्वचेपर्यंत गेला असेल. बिल्ड-अपच्या भागात (त्वचेलगत, जिथे डोस अजून पूर्ण चढलेला नसतो) डोस भरायला ऑप्टिमायझर तिथे फ्लुएन्स (किरणांचा मारा) ओततो. पीटीव्ही त्वचेपासून ५ मिमी आत घ्या. एवढ्यावर भागत नाही. टॅन्जेन्टला त्वचेबाहेर साधारण २ सेंमी हवेची मोकळीक सहज ठेवता येते, व्हीमॅटला ती आपोआप मिळत नाही. स्तन सुजला किंवा श्वासाने पुढे आला की डीव्हीएचवर (किती भागाला किती डोस ते दाखवणाऱ्या आलेखावर) देखणा दिसणारा प्लॅन मशीनवर उघडा पडतो. व्हर्च्युअल बोलस (प्लॅनमध्येच त्वचेवर धरलेला काल्पनिक थर) वापरून ही मोकळीक तयार करावी लागते.

आता हृदयाचा मीन (सरासरी) डोस. २०१३ च्या डार्बी यांच्या अभ्यासात दर ग्रेमागे (ग्रे म्हणजे डोसाचं एकक) गंभीर हृदयविकाराचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, तेव्हापासून सगळे या एका आकड्यामागे. त्या स्त्रियांचे उपचार १९५८ ते २००१ या काळातले होते, हे सहसा कोणी लिहीत नाही. टॅन्जेन्टमध्ये मीन कमी असूनही हृदयाच्या टोकाजवळच्या एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीच्या) भागाला भरपूर डोस जाऊ शकतो. व्हीमॅटमध्ये तो जास्तीचा डोस खाली येतो, पण कमी डोसाचा पसारा उजव्या स्तनापर्यंत आणि उजव्या फुफ्फुसापर्यंत जातो. चाळिशीच्या आतल्या बाईसाठी उजव्या स्तनाचा मीन डोस तक्त्यात नसेल, तर माझ्या मते ती तुलना अपुरीच.

मर्यादाही फ्रॅक्शनेशनप्रमाणे (डोस किती वेळांत विभागून देतो त्याप्रमाणे) बदला. ४० ग्रे १५ फ्रॅक्शनसाठीचा फुफ्फुसाचा व्ही२० (२० ग्रे किंवा जास्त डोस मिळालेला भाग) उचलून २६ ग्रे ५ फ्रॅक्शनच्या प्लॅनला लावू नये. फास्ट-फॉरवर्डमध्ये (२६ ग्रे ५ फ्रॅक्शन तपासणाऱ्या चाचणीत) त्याच बाजूच्या फुफ्फुसाचा व्ही८ १५ टक्क्यांखाली, हृदयाचा व्ही१.५ ३० टक्क्यांखाली आणि व्ही७ ५ टक्क्यांखाली ठेवायचा होता.

शेवटी पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता). दोन्ही प्लॅन त्याच पेशंटचे, म्हणून चाचणी जोडीची हवी. फरक ०.२ ग्रेचा निघाला, तर पी कितीही छोटा असो, आधी सेटअपची (पेशंटला मशीनवर ठेवण्यातली) चूक ३ मिमी धरून दोन्ही प्लॅन पुन्हा मोजा.