वासरं गाडीत चढवताय? आधी पाणी पाजा

मे चालू आहे, ऊन मी म्हणतंय, आणि लोणी, घोडेगावच्या बाजारातून वासरं भरलेल्या पिकअप अजून भर दुपारी निघतायत. मग दोन-तीन दिवसांनी फोन येतो, साहेब नवीन कालवड हगवणीने बसली, उठतच नाय. दर उन्हाळ्यात हेच बघतोय. खोदून विचारलं की कळतं, गाडीत घाण करेल म्हणून सकाळपासून तिला ना दूध ना पाणी. भावांनो, हे बंद करा.

लहान वासराच्या अंगात पाऊण हिस्सा पाणीच असतं, तापलेल्या पत्र्यावर चार तास उभं राहिलं की ते झपाट्याने कमी होतं, आणि घरी पोचल्यावर आपण कौतुकाने एकदम तीन-चार लिटर दूध पुढे करतो, मग पोट बिघडणारच.

निघायच्या दोन-तीन तास आधी नेहमीएवढं दूध द्या, चढवायच्या आधी स्वच्छ पाणी दाखवा. रस्ता लांबचा असेल तर सावलीला थांबून परत पाणी. पोचल्यावर अर्धा तास दम खाऊ द्या, मग मेडिकलमधली साधी ओआरएसची मोठी पुडी एक लिटर कोमट पाण्यात, अशा दोन लिटरपर्यंत पाजा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दूध त्यानंतर दीड-दोन तासांनी आणि पहिल्या दिवशी थोडं कमीच. ओआरएस दुधात कालवू नका.

दुकानदार 'प्रवासाचा थकवा जातो' म्हणून लिव्हर टॉनिक, कॅल्शियमची बाटली गळ्यात मारतो, ते पैसे ठेवा खिशात. तहानलेल्या वासराला पाणी लागतं, टॉनिक नाय.

बाकीचं:
- नाळ ओली असेल तर आणूच नका, महिन्याच्या पुढचं बघा
- चीक पोटभर पाजलेला का, विचारा
- कानात बिल्ला, लंपीची लस, प्रवासाचा डॉक्टरी दाखला
- खाली पाचट किंवा भुस्सा, वर शेडनेट, बाजूने वारा
- पाय बांधायचे नाहीत, शेपूट पिळायची नाही
- पहाटे निघा, नऊच्या आत घरी
- पंधरा दिवस बाकी जनावरांपासून लांब बांधा

माझा एक अंदाज आहे, पुस्तकात नसेल, पण एकट्यापेक्षा ओळखीची दोन वासरं सोबत आणली तर ती कमी बिचकतात आणि पाण्याला लवकर तोंड लावतात.

पोचल्यावर मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक, दोन सेकंदांपेक्षा जास्त उभी राहिली, डोळे खोल गेलेत, नाकपुडी कोरडी पडलीये, तर पाणी कमी झालंय. आणि वासरू आडवं पडलं असेल, चोखत नसेल, कान-पाय गार लागत असतील तर बाटलीने काहीही ओतू नका, फुफ्फुसात जातं. त्याला सलाईनच लागते, सकाळची वाट न बघता डॉक्टरला बोलवा नायतर 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा.