पाठीच्या पेसमेकरची ट्रायल: नागपूरला निघण्याआधी

मणक्याचं ऑपरेशन होऊनही ज्यांच्या पायातली आग थांबत नाही, त्यांना डॉक्टर कधी कधी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन सुचवतात. आपल्याकडे त्याला पाठीचा पेसमेकर म्हणतात. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवून हलका करंट देतात, त्याने दुखण्याची जाणीव कमी होते. कायमचं मशीन बसवण्याआधी काही दिवसांची ट्रायल असते: तारा आत, मशीन बाहेर कमरेला. ही तयारी त्या ट्रायलची.

आधी वही घ्या. फाईल, फिल्मा, आधार कार्ड सगळे नेतातच. आम्ही बाबांना पहिल्यांदा नेलं तेव्हा वही नव्हती, म्हणून ट्रायलचा निकालच लागला नाही आणि सगळं पुन्हा करावं लागलं. दुखणं साधारण ५० टक्के कमी झालं तर पुढे जायचं, असा निकष असतो. पण निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं? आधीचं काही लिहिलेलंच नसेल तर डॉक्टर तरी काय सांगणार?

म्हणून निघण्याआधी निदान आठवडाभर लिहा. सकाळ, दुपार, रात्र, ० ते १० मध्ये आकडा. पायाचा वेगळा, कमरेचा वेगळा, कारण पायातल्या जळजळीला यातून आराम पडण्याची शक्यता कमरेपेक्षा जास्त असते. नुसता आकडाही पुरत नाही. न थांबता मारुतीच्या देवळापर्यंत जाता आलं का, जेवण होईस्तोवर बसता आलं का, रात्री किती वेळा उठले, प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) किती घेतली, हे लिहा. ट्रायल सुरू झाली की त्याच वहीत, त्याच पद्धतीने, आणि शेजारी मशीनच्या रिमोटवरचा प्रोग्राम नंबर, म्हणजे करंटची कोणती सेटिंग चालू आहे ते. नंबर लिहिला नाही तर कोणत्या सेटिंगने आराम पडला ते कोणालाच कळत नाही.

लिहायचं काम घरच्या माणसाने करा, पेशंटच्या भरवशावर सोडू नका. आपली जुनी माणसं डॉक्टरसमोर खरं सांगत नाहीत. रात्रभर कण्हलेले बाबा सकाळी राउंडला म्हणाले, "बरं वाटून राहिलं साहेब." त्यांना वाटलं, एवढ्या मोठ्या डॉक्टरला नाही कसं म्हणायचं. वही भीड धरत नाही.

बाकीचं. जुन्या ऑपरेशनची नोंद आणि एमआरआयच्या फिल्मा न्या, स्क्रू-रॉड कुठे आहेत ते त्यांना बघायचं असतं. शुगर आटोक्यात हवी. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरलाच विचारा, मनाने बंद करू नका. खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद. खरंच बंद, जखम भरत नाही त्याने. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर "आम्ही काय येडे हावो का" म्हणून भांडू नका, ती तपासणी या उपचाराचा भागच आहे. गावात कोणी हा नवा प्रयोग म्हणून घाबरवलं तर सांगा, अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्येच पहिल्यांदा हे केलं होतं.

ट्रायलचे दिवस नागपुरातच काढा. एसटीच्या धक्क्यांत गावी परतायचं आणि तार सरकवून घ्यायची, असं करू नका. वाकणं, पीळ घेणं, उकिडवं बसणं बंद. म्हणजे उतरायची जागा ठरवताना आधी संडास बघा, खाली बसायचा असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने घ्या. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, पट्टी कोरडी राहिली पाहिजे. एप्रिल-मेची तारीख शक्यतो टाळा, आपल्या उन्हात घामाने पट्टी सुटते. सोयाबीन काढणीतलीही नको, सोबतचा माणूस अर्ध्यात पळतो आणि वही तिथेच थांबते.

पैशाचं लेखी विचारा: ट्रायलचे किती, कायमच्या मशीनचे किती, योजनेत किंवा विम्यात बसतं का. खर्च लाखांत जातो, तेव्हा वावर गहाण टाकायच्या आधी वही उघडून बघा. आकडे खरंच निम्म्यावर आले का? नसतील तर नाही म्हणायला लाजू नका.

मशीन बसलंच तर थोडक्यात. चार्जिंगचं की बिनचार्जिंगचं ते गावातलं भारनियमन बघून ठरवा. बिनचार्जिंगचं काही वर्षांनी छोटं ऑपरेशन करून बदलावं लागतं. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे वाकणं नाही, वजन उचलणं नाही. मशीनचं कार्ड कायम खिशात, एमआरआयआधी ते दाखवायचं. तालुक्याच्या फिजिओथेरपीत डायथर्मीचा शेक कधीही घ्यायचा नाही, तारा तापून आत इजा होते. टाक्यांतून पाणी आलं किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. पाय एकदम लुळे पडले किंवा लघवी अडली तर फोनवर विचारत बसू नका, रात्र असली तरी गाडी करा आणि थेट नागपूर गाठा.