केंब्रिज-ऑक्सफर्डच्या निबंध स्पर्धा: या चुका टाळा

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचं रॉबसन हिस्टरी प्राइझ आणि ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजचं १९७१ पासूनचं ज्युलिया वुड प्राइझ या सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलांसाठीच्या नावाजलेल्या इतिहास निबंध स्पर्धा. ब्रिटनमधल्या मराठी घरांतून आणि मुंबई-पुण्यातल्या ए लेव्हलच्या (ब्रिटिश बारावीच्या) शाळांतूनही हुशार मुलं अशा स्पर्धांकडे वळतात. त्यांचे निबंध मागे पडतात ते बहुतेकदा एकाच कारणाने: प्रश्न मत मागत असतो आणि मुलं माहिती देत बसतात.

समजा मर्यादा अडीच हजार शब्दांची आहे आणि प्रश्न आहे, ‘साथीचे रोग राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातलं नातं बदलतात का?’ पहिल्या खर्ड्यात हमखास अथेन्सची साथ, युरोपातला ब्लॅक डेथ, १९१८चा फ्लू आणि कोविड, प्रत्येकी पाचशे शब्द. प्रस्तावना-समारोप धरून अडीच हजार शब्द भरतात, सिद्ध काहीच होत नाही. त्यापेक्षा एकच जागा धरा, उदाहरणार्थ १८९७चं पुणं. त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, रँडच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घराघरांत झडत्या घेतल्या, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पण हा घटनाक्रम सांगणं म्हणजे निबंध नव्हे. ‘नातं रोगामुळे नव्हे, झडतीच्या पद्धतीमुळे बिघडलं’ हे विधान झालं, कारण ते कुणी खोडून काढू शकतं. मग खोडायचं कामही स्वतःच करा. संमतिवयाच्या १८९१च्या कायद्यावरून आधीच रोष होता, १८९६-९७चा दुष्काळ होता. मग प्लेग हे कारण की निमित्त? या प्रश्नाला निदान तीनशे शब्द द्या. विरोधी बाजू शेवटच्या दोन ओळींत उरकणं ही दुसरी मोठी चूक. वाचणारे प्राध्यापक नेमकं तिथेच थांबून पाहतात.

अडीच हजार शब्दांची साधारण वाटणी अशी ठेवा: प्रस्तावना २००, मुख्य तीन मुद्दे प्रत्येकी ६००, विरोधी बाजू ३००, समारोप २००. ‘मानवी इतिहासाच्या आरंभापासून’ छापाचा पहिला परिच्छेद लिहून झाला असेल तर सरळ काढून टाका. दुसरा परिच्छेद बहुधा खरी सुरुवात असते.

मराठी वाचता येणं हे इथे मोठं बळ आहे, ते वाया घालवू नका. त्या काळचं मराठी वृत्तपत्र मुळातून वाचलं असेल तर तळटीपेत अंकाची तारीख द्या आणि भाषांतर स्वतःचं असल्याचं नोंदवा. तोच उतारा दुसऱ्याच्या इंग्रजी पुस्तकात सापडला असेल तर संदर्भ त्या पुस्तकाचा द्या. न पाहिलेलं साधन पाहिल्यासारखं दाखवणं ही फसवणूक आहे. एआयने सुचवलेली पुस्तकं शोधून, उघडून पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नका. त्यांतली काही अस्तित्वातच नसतात. आणि एआयचा वापर मुळात चालतो का, हे आधी नियमांत पाहा.

शब्दसंख्येत घोळ होतो तो तळटीपांमुळे. गूगल डॉक्स तळटीपा मोजत नाही. वर्डमध्ये शब्दसंख्येच्या चौकटीत तळटीपा धरण्याची खूण असते, ती केलेली आहे की नाही ते पाहा. स्पर्धा तळटीपा धरत असेल तर २,४५० वाटणारा निबंध प्रत्यक्षात २,७०० निघतो. तळटीपा धरायच्या का आणि संदर्भसूची वगळायची का, हे त्या वर्षीच्या नियमांत पाहा. गेल्या वर्षीचा कागद चालवू नका.

पात्रतेतही गल्लत होते. काही स्पर्धा फक्त इयर १२ साठी असतात, म्हणजे शाळेचं शेवटून दुसरं वर्ष, आपली अकरावी. इयर १३च्या मुलाचा निबंध कितीही चांगला असला तरी तिथे चालत नाही.

शिक्षकांचं शिफारसपत्र किंवा सही लागत असेल आणि मुदत ऑगस्टमधली असेल, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यातच घेऊन ठेवा. इंग्लंडमधल्या शाळांना जुलैच्या उत्तरार्धात सुट्टी लागते, मग शिक्षक ईमेलला सापडत नाहीत. निनावी निबंध मागितला असेल तर पानांच्या शीर्षकपट्टीतलं आणि फाइलच्या नावातलं स्वतःचं नाव काढा. भारतातून पाठवणाऱ्यांनी घड्याळही बघावं: उन्हाळ्यात लंडनचे दुपारचे बारा म्हणजे आपले साडेचार.