एस्थर बेजारानोची गोष्ट शाळेत सांगायची असेल तर पेटी घेऊन जा

२७ जानेवारी १९४५ला सोव्हिएत लाल सेनेने ऑशविट्झ ही नाझींची मृत्यूछावणी सोडवली; एस्थर तिथली कैदी होती, जर्मन ज्यू मुलगी. आपल्या सोलापुरात १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचे कार्यक्रम असतात, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा पण त्याच दिवसांत, म्हणून महिन्याच्या शेवटी नववीचा एखादा तास मागून घ्यायचा.

सुरुवातीलाच नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा सांगू नका, पोरं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. गल्लीतल्या भजनी मंडळाकडून पेटी मागून आणा, टेबलावर ठेवा आणि अठरा वर्षांच्या एका मुलीपासून सुरू करा.

एप्रिल १९४३मध्ये एस्थरला ऑशविट्झला आणलं आणि दगड वाहायला लावलं, अंगात त्राण उरलं नव्हतं. तेवढ्यात बायकांचा ऑर्केस्ट्रा जमवतायत असं कळलं. तिला पियानो यायचा पण तिथं पियानोच नव्हता, अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायची पेटीच, येतं का विचारलं तर ही हो म्हणाली, आयुष्यात कधी हातात धरलेलं नसताना. उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या, ते जमलं, पण डावीकडे नुसती बटणं, कुठला सूर कुठं काही माहीत नाही, तो तिनं कानानं शोधला आणि तेव्हाचं एक हिट सिनेमाचं गाणं वाजवून दाखवलं. निवड झाली.

इथं थांबा. पेटी शिकलेलं एक तरी पोर वर्गात निघतंच, त्याला डोळे मिटून तुम्ही गायलेला 'सा' शोधायला सांगा. वर्ग आपोआप गप्प होतो. मग सांगा, तिला जमलं नसतं तर परत दगड.

पण संगीतानं वाचवलं एवढ्यावर सोडू नका, ते अर्धंच आहे. ऑर्केस्ट्राला रोज फाटकाशी वाजवावं लागायचं, कामाच्या टोळ्या जाता-येताना, आणि माणसांनी भरलेल्या गाड्या आल्या की तेव्हाही. गाडीतले लोक यांना हात करायचे, जिथं गाणं वाजतंय तिथं फार वाईट काय असणार असं वाटून, आणि त्यातले कित्येक सरळ गॅस चेंबरला जायचे. हे सावकाश सांगा. माझा तर दरवेळी इथं गळा भरून येतो.

ज्यू म्हणजे कोण, हे विचारतातच. अलिबागकडच्या बेने इस्रायलांचं सांगा, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना.

पुढचं भरभर चालतं, राव्हेन्सब्रुक ही बायकांची छावणी, मग युद्ध संपता संपता कैद्यांना मरेस्तोवर पायी चालवत नेत होते त्या मृत्यूयात्रेतून पळाली, पॅलेस्टाईनला जाऊन गाणं शिकली, १९६०ला हॅम्बुर्गला आली. पण ऐंशीच्या पुढं कोलोनच्या रॅप ग्रुपबरोबर स्टेजवर उभी राहायची, हे मात्र सांगाच! त्या ग्रुपमधले तुर्की आणि इटालियन घरातले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बाहेर मराठी बोलणाऱ्या पोरांना हे पटकन कळतं. २०२१ला गेली, ९६ वर्षांची होऊन.

आईवडिलांचं काय झालं, हेही कोणीतरी विचारेल. लपवू नका. नोव्हेंबर १९४१मध्ये लिथुआनियातल्या कौनासला दोघांना गोळ्या घातल्या. वडील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना गायचे, तिचं गाणं घरातूनच आलेलं.

हे झालं की पेटी लगेच उचलू नका. बेल झाली तरी दोन-चार पोरं जवळ येतात, डोळे मिटून सा शोधत बसतात. बसू द्या त्यांना.