बेअरिंग घेताना या चुका टाळा

ट्रॅव्हर्स, म्हणजे जमीन मोजताना एकाला एक जोडत नेलेल्या रेषांची साखळी, कागदावर उतरवला आणि शेवटची रेघ पहिल्या बिंदूला मिळाली नाही, की पहिलं खापर टेपवर फुटतं. प्रिझमॅटिक कंपासच्या (दिशेचा कोन वाचायच्या होकायंत्राच्या) कामात आधी कोन तपासावेत. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला रेषेचा कोन.

समजा अ वरून ब चं बेअरिंग 72°30′ आलं आणि ब वरून अ चं 254°00′. दोन्हींत नेमका 180° चा फरक हवा. इथे दीड अंश जास्त भरतो. अशा वेळी बरेच जण सरासरी काढून मोकळे होतात. ते करू नका. असा फरक बहुधा जवळच्या लोखंडाने सुई ओढल्यामुळे येतो, आणि ही ओढ रेषेला लागत नाही, कंपास मांडलेल्या जागेला लागते. पुढची रेषा बघा: ब-क 140°15′, क-ब 320°15′. फरक चोख, म्हणजे ब आणि क दोन्ही जागा स्वच्छ. मग ब वरचं 254° खरं धरायचं आणि अ वरच्या प्रत्येक बेअरिंगमध्ये 1°30′ मिळवायचे. अ वरच्या दोन रेषांमधला कोन मात्र शाबूत असतो, कारण दोन्ही बेअरिंग सारखीच सरकलेली असतात.

ओढ लावणारं काय? किल्ल्यांचा जुडगा, खिशातला मोबाईल, शेजारची विजेची डीपी. विजेचा प्रवाहही सुई हलवतो: मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं. तिथल्या नोंदी 1904 पासूनच्या आहेत.

दुसरी गल्लत उत्तरेची. महाराष्ट्रात चुंबकीय (सुई दाखवते ती) आणि खरी (भौगोलिक) उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे या फरकाकडे, म्हणजे डिक्लिनेशनकडे, दुर्लक्ष केलं तरी सहसा खपून जातं. ही सवय घेऊन अमेरिकेतल्या सिएटलला गेलात तर तिथे सुई सुमारे 15° पूर्वेला झुकलेली असते. किलोमीटरभर चालल्यावर अडीचशे मीटरहून जास्त भरकटाल. मोबाईलच्या कंपासमध्येही खरी उत्तर की चुंबकीय, ही सेटिंग आधी बघा. आकाशातला दिगंशही (ताऱ्याच्या दिशेचा कोन) खऱ्या उत्तरेपासूनच मोजतात, पण काही जुनी पुस्तकं दक्षिणेपासून मोजतात. सूत्र उचलण्याआधी ते तपासा, नाहीतर थेट 180° चा घोळ.

S 30° E (दक्षिणेकडून पूर्वेला 30°) म्हणजे 150°, 210° नव्हे. परीक्षेत हमखास चुकतं.

एक्सेलमध्ये बेअरिंग काढताना साधं ATAN वापरलं तर रेषा कोणत्या चौथाईत (उत्तर-पूर्व की दक्षिण-पश्चिम) आहे ते कळत नाही. ATAN2 मध्ये आधी दोन बिंदूंमधला उत्तरेचा फरक, मग पूर्वेचा द्या आणि DEGREES लावा. आलेला आकडा ऋण असेल तर 360 मिळवा.