चीक बघून अळंबी ओळखताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला राहणारी आपली बरीच मंडळी मार्च-एप्रिलमध्ये ओबेरॉनकडच्या पाइनच्या रानात अळंबी काढायला जातात. शोधायची असते केशरी सॅफ्रन मिल्क कॅप, म्हणजे लॅक्टेरियस डेलिसिओसस. कोकणात वारुळावरची अळंबी लांबून ओळखणारी माणसंही इथे फसतात. त्या अळंबीला चीक नसतोच, आणि इथे पहिली परीक्षा चिकाची.

'मिल्क' म्हटलं की पांढरं दूध येईल असं धरून चालू नका. हिचा चीक गाजराच्या रसासारखा नारिंगी असतो. पांढरा निघाला की अळंबी तिथेच सोडा. बर्चच्या झाडाखाली येणारी, काठाला लोकरीसारखी लव असलेली गुलाबीसर अळंबी जवळपास अशीच दिसते. तिचा पांढरा चीक जहाल असतो आणि पोट हमखास बिघडतं.

चीक दिसतच नाही? मग अळंबी जून झालेली असते, नाहीतर बरेच दिवस पाऊस नसतो. कोवळी घ्या, उलटी धरा आणि टोपीखालच्या, देठाजवळच्या पट्ट्यांवरून सुरीचं टोक आडवं ओढा. टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी थेंब उभे राहतात. आता देठ मोडा. खडूसारखा कटकन तुटतो, धागे निघत नाहीत, कडेला नारिंगी कडं दिसतं. थेंब आलाच नाही, तर बाकी कितीही जुळलं तरी टोपलीत टाकू नका.

हिरवे डाग बघून अनेकजण चांगली अळंबी सडकी समजून फेकतात. हात लागल्यावर हिरवट पडणं ही तर हिची खूणच आहे.

नुसतं वरून बघून काढणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. त्याच पाइनखाली विषारी फ्लाय ॲगॅरिक उगवते. पावसात तिचे पांढरे ठिपके धुऊन जातात, लाल रंग उतरून नारिंगी होतो. उलटी केली की खालच्या पट्ट्या पांढऱ्या आणि चीक नाही. म्हणून प्रत्येक अळंबी उलटून बघा, एकूण एक. चांदीचा चमचा काळा पडतो का, किड्यांनी खाल्लीय का, असल्या परीक्षांवर जीव टांगू नका.

मिल्क कॅप खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर तो तिच्या रंगाचा परिणाम. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मात्र लगेच ऑस्ट्रेलियातल्या विषबाधा माहिती केंद्राला, 13 11 26 ला फोन लावा आणि उरलेली अळंबी जपून ठेवा.