स्टोअर कनेक्ट होत नाही? या चुका टाळा

ॲप उघडतं, आधी घेतलेल्या गोष्टी चालतात, पण स्टोअरच्या टॅबवर गेलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'इंटरनेट कनेक्शन तपासा' असा संदेश येतो. शेजारच्याच खिडकीत ब्राउझरवर व्हिडिओ मजेत चालू असतो. वैतागून माणूस अनइन्स्टॉलच्या बटणाकडे वळतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

कनेक्शनचा दोष प्रोग्रामच्या फाइलींत क्वचितच असतो. तो घड्याळात, डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा), प्रॉक्सीत (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेटिंग) किंवा पलीकडच्या सर्व्हरवर असतो, आणि प्रोग्राम नव्याने टाकला तरी यातलं काहीही बदलत नाही. उलट लॉगिन जातं, कित्येक जीबींचं डाउनलोड पुन्हा करावं लागतं. 'लॉग आउट करून बघ' हा सल्लाही असाच. स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपचा ऑफलाइन मोड मशीनवर साठवलेल्या लॉगिनवर चालतो. सर्व्हर बंद असताना लॉग आउट केलंत, तर जे खेळता येत होतं तेही गेलं. स्टीमची नेहमीची देखभाल मंगळवारी असते आणि ती थोड्या वेळात उरकते. त्यामुळे काहीही करण्याआधी सेवा सगळ्यांचीच बंद आहे का, ते पाहून घ्या.

'ब्राउझर चालतोय, म्हणजे नेट ठीक आहे' हा निष्कर्षही घाईचा. साइट खरी असल्याची ओळख डिजिटल प्रमाणपत्रांवरून पटते; फायरफॉक्स विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ ठेवतो, आणि आताचे बरेच ब्राउझर पत्ता शोधण्याचं कामही आपल्या वेगळ्या सुरक्षित मार्गाने करू शकतात. स्टोअरचं ॲप मात्र बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगवर विसंबून असतं. म्हणून खरी चाचणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. हॉटस्पॉटवर स्टोअर उघडलं, तर कॉम्प्युटरला हात लावू नका. राउटर किंवा ऑफिस-कॉलेजचं नेटवर्क तपासा. तिथेही उघडलं नाही, पण दुसऱ्या मशीनवर उघडतंय, तर मशीनमध्येच शोधा.

मशीनमध्ये शोधायचं तर सुरुवात घड्याळापासून. हे ऐकून हसू येतं, पण सर्व्हरच्या प्रत्येक प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. मशीनची तारीख त्या मुदतीबाहेर असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते, आणि ॲप खरं कारण न सांगता 'कनेक्ट होत नाही' एवढंच म्हणतं. जुन्या डेस्कटॉपचा प्लग काढून परत लावला की तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती बहुतेक मशीनमध्ये सीआर२०३२, म्हणजे ३ व्होल्टची असते. नुसती तारीख दुरुस्त करून भागत नाही, पुढच्या वेळी वीज गेली की तेच रडगाणं. टाइम झोनही बघा. झोन चुकीचा ठेवून काटे हाताने जुळवले, तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते आणि आतलं घड्याळ मात्र तासांनी चुकलेलं राहतं.

विंडोजमध्ये एरर कोड न वाचताच खिडकी बंद करायची सवय अनेकांना असते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या लांबलचक कोडचे शेवटचे चार वर्ण पुष्कळ सांगून जातात. '२एफ८एफ' म्हणजे सुरक्षित जोडणीत अडचण, म्हणजे आधी तारीख बघा. '२ईई७' म्हणजे सर्व्हरचा पत्ताच सापडला नाही: डीएनएस किंवा होस्ट्स फाइल (मशीनवरचीच पत्त्यांची यादी). '२ईई२' म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपला.

होस्ट्स फाइलवरून आठवलं. जाहिराती रोखायला किंवा 'विंडोज हलकं करायला' नेटवरून उचललेली स्क्रिप्ट कधीतरी चालवली होती का? अशा स्क्रिप्ट स्टोअरचे पत्ते अडवतात, विंडोज अपडेटची सर्व्हिसही बंद करतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं डाउनलोड त्याच सर्व्हिसवर चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्हीपीएन काढून टाकल्यावर मागे राहिलेली प्रॉक्सीची नोंदही असाच घोळ घालते.

अँटिव्हायरस आणि फायरवॉल कायमचे बंद करून ठेवू नका, हे सांगायला नको. अँटिव्हायरसमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या आत डोकावून तपासणी, असेल तर तेवढंच थोडा वेळ थांबवून पाहा. कॅशे, म्हणजे ॲपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ करायला हरकत नाही: विंडोजवर 'डब्ल्यूएसरिसेट' चालवलं की रिकामी काळी खिडकी येते, ती आपोआप बंद होऊन स्टोअर उघडतं. तोवर खिडकी बंद करू नका. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरचा आधी कॅशे, मगच गरज पडली तर डेटा. आणि एका वेळी एकच बदल करा. डीएनएस, प्रॉक्सी, अँटिव्हायरस एकदम हलवून स्टोअर सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि अँटिव्हायरस महिनोन्‌महिने बंदच राहतो.

सिस्टिम फार जुनी असेल तर या सगळ्या खटाटोपात वेळ घालवू नका. स्टीमने विंडोज ७, ८ आणि ८.१ चा आधार १ जानेवारी २०२४ पासून थांबवला. ३० सप्टेंबर २०२१ ला एका मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रं मानली जातात) मुदत संपली, तेव्हा अपडेट न मिळणारी कितीतरी जुनी उपकरणं काही साइटशी बोलेनाशी झाली. अशा मशीनवर कॅशे कितीही पुसला तरी स्टोअर उघडणार नाही. सिस्टिम अपडेट होते का एवढंच बघायचं, आणि होत नसेल तर खरेदी दुसऱ्या उपकरणावरून करायची.